गहू आणि दूध दोन्ही बंद : अख्ख्या घराचा स्वयंपाक कसा बसवायचा?

माजघर

घरात एकाला सीलिॲक (गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) निघतं, आतड्याला सूज असल्यामुळे डॉक्टर काही महिने दूधही बंद करायला सांगतात, आणि मग प्रश्न येतो: त्या एकासाठी वेगळं रांधायचं की सगळ्यांचंच बदलायचं? शोधायला गेलं की बदामाचं पीठ, किनोआ आणि झॅन्थम गमच्या याद्या मिळतात. आपल्या वरण-भात-भाजी-पोळी-ताकाच्या पानात नेमकं काय हलवायचं, हे एका जागी लिहिलेलं सापडत नाही. म्हणून हा चर्चेचा धागा (प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे).

माझं मत आधीच सांगून टाकते. सामायिक स्वयंपाक बिनगव्हाचा, बिनदुधाचा करावा आणि ज्यांना चालतं त्यांनी गहू-दूध पानात वरून घ्यावं. आमटी, उसळ, भाजी, भात सगळ्यांना एकच. कोशिंबीर दह्याशिवाय कालवायची, दाण्याचं कूट, लिंबू घालून. ज्याला दही हवं त्याने आपल्या वाटीत घ्यावं. तूप भातावर वरून. रोजच्या पानात गहू तसा दोनच ठिकाणी असतो, पोळीत आणि फोडणीच्या हिंगात. वेगळा स्वयंपाक केला की दोन महिन्यांत करणारं माणूस थकतं आणि मग वेगळ्या पातेल्यात तोच डाव फिरतो.

इतरांना पोळ्या हव्याच असतील तर पोळीभाजी केंद्रातून आणाव्यात आणि झाकणाच्या डब्यात वेगळ्या ठेवाव्यात. घरात कणीक चाळली-मळली की पीठ उडतं, ओट्यावर, तव्यावर, उघड्या भांड्यांवर बसतं. घरातच करायच्या असतील तर बिनगव्हाचं सगळं आधी उरकून, झाकून, मग कणकेला हात लावायचा. उलट क्रम नको.

नवीन घ्यायच्या वस्तू: पोळपाट-लाटणं, तवा, पिठाची चाळणी, लाकडी डाव, घासणी. लाकडाच्या आणि बिडाच्या छिद्रांत पीठ राहतं, जाळीत तर राहतंच. स्टीलची पातेली, काचेच्या बरण्या, कुकर नीट घासून चालतात. टोस्टर सामायिक चालत नाही, त्याबद्दल वाद नको.

दुसरी वाफ

माजघर, कल्पना चांगली आहे. पण सगळ्या घराचा गहू बंद करण्याआधी एक काम उरकायला हवं.

सीलिॲक असलेल्या माणसाचे आईवडील, सख्खी भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहातल्या एकाला हाच आजार असू शकतो, आणि त्रास काहीच नसताना असू शकतो. रक्ताची तपासणी टीटीजी-आयजीए (सीलिॲकमध्ये वाढणारी अँटिबॉडी), सोबत एकूण आयजीए (त्या गटातल्या सगळ्या अँटिबॉडी मिळून). ज्यांचं आयजीए मुळातच कमी असतं त्यांची पहिली तपासणी खोटी 'निगेटिव्ह' येते, म्हणून दुसरी लागते. या तपासण्या गहू खात असतानाच करायच्या. गहू सोडून काही महिने झाले की अँटिबॉडी उतरतात आणि आतडंही भरून येऊ लागतं, मग रक्तात आणि बायॉप्सीतही काही सापडत नाही. नंतर निदान करायचं झालं तर पुन्हा काही आठवडे रोज गहू खावा लागतो, आणि ते कुणालाच नको असतं.

म्हणजे आधी भावंडांचं रक्त, मग घरभर भाकरी.

दुसरं, 'दूध बंद' म्हणजे नेमकं काय ते डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या. दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

लॅक्टोज पचत नाही: दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज लहान आतड्याच्या आतल्या लवेच्या टोकाशी असतं. सीलिॲकमध्ये ती लवच झिजते, म्हणून दूध सोसत नाही. गहू काटेकोर सुटला की लव वाढते आणि बऱ्याच जणांना काही महिन्यांनी दूध पुन्हा चालू लागतं. यांना साजूक तूप चालतं, कारण त्यात लॅक्टोज जवळपास नसतंच.

दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी: इथे केसीन आणि व्हे हे शत्रू. तुपात प्रथिनाचा अंश राहू शकतो, म्हणून तूपही बंद, दह्याचं विरजणही बंद, आणि चमच्याचीसुद्धा काळजी.

पहिल्या प्रकाराला दुसऱ्याचे नियम लावले तर घर उगाच हैराण होतं. दुसऱ्याला पहिल्याचे लावले तर धोका असतो.

कोंड्याचा मांडा

हिंगाचं एवढं काय? चिमूटभर तर असतो. त्यासाठी अख्ख्या घराची फोडणी बदलायची?

दुसरी वाफ

हिशोब करून बघा. बाजारातला बहुतेक हिंग बांधणीचा, म्हणजे मूळ हिंगात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळलेला. समजा निम्मा मैदा आहे. पाव ग्रॅमच्या चिमटीत सव्वाशे मिलिग्रॅम मैदा, त्यात १० टक्के ग्लुटेन धरलं तर १२-१३ मिलिग्रॅम. चौघांच्या आमटीत एकाच्या वाट्याला तीन. पण हिंग फक्त आमटीत कुठे असतो? भाजीत, मठ्ठ्यात, लोणच्यात, चिवड्यात, पापडात असतो. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आतलं ग्लुटेन सोसतं आणि ५० मिलिग्रॅम रोज गेलं तर आतड्याला इजा होते असं मानतात. आपल्याकडे तेवढी मर्यादा हिंगच खाऊन टाकतो, मग चुकून लागणाऱ्या पिठाला जागाच उरत नाही.

आणि खडा हिंग म्हणजे शुद्ध हिंग असं नाही. खडाही बांधणीचा असतो. डबीवरचे घटक वाचा. तांदळाच्या पिठातला मिळतो, तो घ्या.

माजघर

याच्याच जोडीला: विकतचा लोणचं मसाला, सांबार मसाला, चाट मसाला, पापड, सगळीकडे हिंग आहे. मेतकुटात तर गहू पाककृतीतच असतो. घरी करताना गहू वगळून तेवढाच तांदूळ वाढवला तर चवीत फार फरक पडत नाही. थालीपिठाच्या भाजणीचंही तसंच. आणि 'सातूचं पीठ' बघितलं की थांबा, कुठे त्यात गहू असतो तर कुठे जव, दोन्ही बाद. नाचणीसत्त्वाच्या विकतच्या डब्यात गव्हाचं सत्त्व किंवा दूध पावडर आहे का तेही पाहायचं.

घरघंटी

सगळ्यात मोठी गळती गिरणीत आहे आणि त्याबद्दल कुणी बोललेलं नाही.

ज्वारी शुद्ध, डबा शुद्ध, पण गिरणीच्या दगडांच्या मध्ये, खालच्या पन्हळीत आणि तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीत आधीच्या दळणाचा गहू बसलेला असतो. 'सकाळी पहिलं दळण द्या' म्हटलं तरी तो आदल्या रात्रीचा असतोच. आधी दोन किलो तांदूळ दळून घेतला तर प्रमाण कमी होतं, भरवसा मात्र ठेवता येत नाही.

उपाय म्हणजे घरची चक्की, आणि तिच्यात गहू कधीच नाही. जुनी चक्की घेत असाल किंवा घरचीच वापरात आणत असाल तर कापडी फिल्टर नवा टाका, जाळ्या नव्या घ्या, आतली पोकळी ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा, पाणी मारू नका. मग एक-दोन किलो स्वस्त तांदूळ दळून ते पीठ घरातल्या गहू खाणाऱ्यांना द्या. तरीही नवी घेणं शक्य असेल तर नवीच बरी.

चक्की परवडत नसेल तर मिक्सरवर तांदूळ आणि वरई चांगली होते, नाचणीही होते पण दोनदा चाळावी लागते. ज्वारी मिक्सरवर रवाळ राहते, तिची भाकरी थापताना चिरते. त्या पिठाची आंबोळी किंवा धिरडी करा.

दळणाआधी निवडणं महत्त्वाचं. सुट्या ज्वारी-बाजरीत, डाळींतसुद्धा, गव्हाचे दाणे येतात, कारण पोती, चाळण्या, दुकानातलं माप सगळं तेच. पातळ पसरून निवडा, पाखडा, धुवा, कडक वाळवा, मग दळा. ओलसर दळलं तर पिठाला बुरशी येते. बेसन विकत आणण्यापेक्षा हरभऱ्याची डाळ दळा.

विरी

भाकरीचं मी सांगतो. पोळी करणाऱ्या हाताला भाकरी पहिल्यांदा जमत नाही याचं कारण हात नाही, पीठ.

ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे बांधून राहण्याचा गुण, जाते. मग कितीही मळा, थापताना कडा फाटतात. म्हणून आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. बाजरी तर त्याहून नाजूक, तिच्यात तेल जास्त असतं, उन्हाळ्यात आठवड्यातच कडू लागायला लागते. फ्रीजमध्ये ठेवा. ज्वारी घेताना रब्बीची, मालदांडी मिळाली तर बघायलाच नको.

नव्या माणसानं उकड काढून सुरुवात करावी. एक वाटी पाणी उकळायचं, मीठ घालायचं, उकळी असतानाच एक वाटी पीठ टाकून उलथण्याच्या दांड्यानं ढवळायचं, गॅस बंद, पाच मिनिटं झाकण. मग परातीत काढून सोसेल इतकं गरम असताना तळहाताच्या मुळाशी रगडून चार-पाच मिनिटं मळायचं. गव्हात चिकटपणा ग्लुटेनचा असतो. ज्वारीत तो नाही, म्हणून गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगवून त्याच्याकडूनच चिकटपणा काढून घ्यायचा. थंड पाण्यात भिजवलेलं पीठ म्हणूनच तुटतं.

एका भाकरीपुरता गोळा, खाली सुकं पीठ, थापा. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाणी फिरवा. ते पाणी सुकायला आलं, पूर्ण सुकलं नाही, की उलटा. पूर्ण सुकल्यावर उलटली तर पापुद्रा सुटत नाही. लवकर उलटली तर तव्याला चिकटते. दुसरी बाजू नीट भाजून झाली की मग जाळावर.

कडा चिरल्या: पाणी कमी किंवा मळणं कमी. मधेच फुगून फुटली: जाडी एकसारखी नाही. काळे डाग पण आत कच्ची: तवा फार तापलाय.

तिखटमीठ

विरी, भाकरी ताटात मऊ असते हो. डब्यात दुपारी दीडला ती पापड होते. शाळेच्या डब्याचं काय?

विरी

डब्याला शंभर टक्के ज्वारी देऊ नका. पाऊण वाटी ज्वारी, पाव वाटी तांदळाचं पीठ, एक चहाचा चमचा इसबगोल, एक चमचा तेल, आणि वर सांगितल्यासारखी उकड, पाणी मात्र वाटीभरापेक्षा दोन-तीन चमचे जास्त, कारण इसबगोल पाणी पितो. मळून दहा मिनिटं झाकून ठेवा, मग मऊ झालेलं दिसेल. दोन प्लास्टिकच्या कागदांत लाटता येते, पोळीसारखी पातळ. भाजल्याबरोबर कापडात गुंडाळा, वाफ आत राहू द्या. पार गार झाल्यावर डब्यात भराल तर ती कोरडीच जाणार.

इसबगोल दुप्पट केला तर भाकरी रबरासारखी ओढली जाते. मुलं ताटातच ठेवतात.

माजघर

आणि डब्यात रोज पोळीसारखं काहीतरी हवंच असं नाही. थालीपीठ सहा तास मऊ राहतं. बिनगव्हाची भाजणी: ज्वारी ४ वाट्या, बाजरी १, तांदूळ १, हरभरा डाळ १, उडीद डाळ अर्धी, धने पाव वाटी, जिरं दोन चमचे. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत भाजायचं. उडीद कमी केला तर थालीपीठ मोडतं, बांधून ठेवण्याचं काम तोच करतो. पिठात किसलेला दुधी किंवा कांदा भरपूर घातला की मऊपणा टिकतो.

इडली, आंबोळी, मुगाची धिरडी, कांदेपोहे, वरईचा भात आणि दाण्याची आमटी, हे सगळं आपोआप चालतं. गंमत अशी की आपलं उपवासाचं बहुतेक खाणं मुळातच बिनगव्हाचं आहे. घरात एकादशी करणारं माणूस असेल तर निम्मं ज्ञान तयारच असतं. फक्त राजगिरा आणि शिंगाड्याचं पीठ सुटं घेऊ नका, ते बहुधा त्याच गिरणीतलं.

सोलकढी

देशावरचे लोक गहू गेला म्हणून हळहळतात आणि कोकणात बसून आम्ही बघतो! गौरीला घावन-घाटलं, नागपंचमीला पातोळ्या, मालवणात शिरवळे, गणपतीला उकडीचे मोदक. तांदूळ, नारळ, गूळ. गहूही नाही, दूधही नाही. पूर्ण गोडधोड तयार आहे, शोधायला लागतच नाही. (मोदकावर तूप घ्यायचं की नाही ते ज्याचं त्यानं बघावं.)

घावन: जुना जाड तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दळलेला. एक वाटी पीठ, पावणेदोन ते दोन वाट्या पाणी, मीठ. बिडाचा तवा चांगला तापलेला, पीठ कडेकडून ओतत आत यायचं. जाळी पडली नाही तर पीठ दाट आहे किंवा तवा थंड. प्रत्येक घावनाआधी पीठ तळापासून ढवळा, तांदूळ खाली बसतो.

शेवयांच्या खिरीला शिरवळे हाच पर्याय. तांदळाची उकड मळून मुटके करायचे, उकळत्या पाण्यात शिजवायचे, वर तरंगले की गरम असतानाच सोऱ्यातून दाबायचे. गार झाल्यावर दाबायला गेलात तर सोऱ्या तुटेल, शेव येणार नाही. वर नारळाच्या दुधाचा गूळ-वेलदोडा घातलेला रस.

ताकाच्या जागी सोलकढी. एका नारळाचं जाड आणि मध्यम दूध, आठ-दहा आमसुलं अर्ध्या वाटी कोमट पाण्यात वीस मिनिटं, दोन लसूण पाकळ्या, एक मिरची, मीठ. आमसूल पडल्यावर गरम करायची नाही, फाटते.

दह्याच्या जागी दाण्याचं दही. एक वाटी कच्चे शेंगदाणे आठ तास भिजवून सालं काढायची, तीन वाट्या पाण्यात बारीक वाटून गाळायचं. ते दूध मंद आचेवर सतत ढवळत उकळायचं, दहा मिनिटं, नाहीतर कच्चा वास राहतो आणि खाली लागतं. कोमट झालं की हिरव्या मिरचीचे पाच-सहा देठ बुडवून उबेत ठेवायचं, आठ ते बारा तास. पहिलं दही पातळ लागतं, त्यातले दोन चमचे दुसऱ्याला विरजण, ते नीट लागतं. कढीला छान. कढी करताना बेसन आधी कालवून घ्या, आणि उकळी मोठी येऊ देऊ नका.

कोंड्याचा मांडा

आणि चहा?

सोलकढी

चहाला नारळाचं दूध नको, तवंग येतो. सोया दूध चालतं, पण उकळत्या चहात ओतलं की फुटतं. चहा वेगळा उकळून गाळा, दूध वेगळं कोमट करा, आणि दुधात चहा ओता, चहात दूध नाही. दाण्याचं दूधही चालतं, दाण्याचा वास मात्र लपत नाही. ओट्सचं दूध घेणार असाल तर डबीवर ग्लुटेनमुक्त असा स्पष्ट उल्लेख हवा, साध्या ओट्समध्ये गहू-जव बहुधा मिसळलेला असतो.

दुसरी वाफ

सोलकढी, पाककृती उत्तम. पण नारळाचं दूध दुधाच्या बदल्यात मोजू नका. त्यात कॅल्शियम नावाला, प्रथिनंही कमी. चव बदलली म्हणजे पोषण भरून निघालं असं होत नाही, आणि शाकाहारी घरात दूध गेलं की कॅल्शियम, प्रथिनं आणि बी-१२ या तीन गोष्टी एकदम जातात.

कॅल्शियम: मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२०. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, म्हणजे रोज एक भाकरी आणि सकाळी आंबील धरली तर तिसरा हिस्सा येतो. तिळात १२०० च्या वर, पण तीळ शंभर ग्रॅम कोण खातं? दोन चमचे कूट भाजीत घालता येतं. नाचणी भिजवून मोड आणून वाळवून दळली तर फायटेट (कॅल्शियम शोषू न देणारं द्रव्य) कमी होतं आणि शोषण सुधारतं. मासे खाणाऱ्यांना काट्यांसकट खायची बारीक मासळी, जवळा. उरलेलं डॉक्टर सांगतील तशा गोळीने. सूज असताना आतड्याचं शोषणच अधू असतं, त्यामुळे नुसत्या नाचणीवर विसंबू नका.

बी-१२: शाकाहारी माणसाला ते दुधातूनच मिळतं. दूध बंद तर पूरक गोळी लागतेच, यात पर्याय नाही.

ड जीवनसत्त्व आणि लोह तपासून घ्या.

म्हणूनच माजघर यांच्या 'सगळ्यांचं एकच पातेलं' या मताला माझी एक दुरुस्ती. पातेलं एकच असू दे, पण ज्या मुलाला दूध चालतं त्याचा पेला काढून घेऊ नका. घरातल्या आजोबांचं ताकही राहू दे. गहू सांडतो-उडतो, त्यामुळे तो घराबाहेर ठेवण्यात अर्थ आहे. लॅक्टोजचा प्रश्न असलेल्या घरात शेजारच्या पेल्यातल्या दुधाने कुणाला काही होत नाही.

माजघर

मान्य. ती 'वरून घ्यायची' यादी मी म्हणूनच धरली होती, पण मुलांच्या बाबतीत स्पष्ट लिहायला हवं होतं.

मेल्बर्नवासी

लेबलांबद्दल थोडं. भारतात 'ग्लुटेन फ्री' म्हणायला एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम, युरोप आणि अमेरिकेतही तीच. २० ते १०० असेल तर 'लो ग्लुटेन', ते सीलिॲकला नाही. आमच्याकडे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये नियम कडक आहे: तपासणीत ग्लुटेन सापडताच कामा नये, आणि ओट्सवर तो शब्द लिहिताच येत नाही. त्यामुळे भारतातून येताना आणलेलं 'ग्लुटेन फ्री' पाकीट आणि इथलं पाकीट एकाच मापाचं नसतं.

इथल्या भारतीय दुकानातलं ज्वारीचं, बाजरीचं पीठ बहुतेकदा आटा भरणाऱ्या कारखान्यातच भरलेलं असतं. पाठीमागे बारीक अक्षरांत 'गहू हाताळला जातो' असं असतं, ते वाचा.

घटकांच्या यादीत शोधायचे शब्द: माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट (जवाचं, म्हणून कॉर्नफ्लेक्स आणि मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी बाद), सेमोलिना, ड्युरम, साधा सोया सॉस. दुधासाठी: व्हे, केसीन, केसिनेट, मिल्क सॉलिड्स. 'नॉन डेअरी क्रीमर'मध्ये सोडियम केसिनेट असू शकतं, नावावर जाऊ नका. भारतातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध येतं. वीगनची खूण वेगळी असते.

तिखटमीठ

पावभाजीचा पाव घरी होतो का? विकतचा ग्लुटेनमुक्त ब्रेड महाग आणि भुसभुशीत.

घरघंटी

होतो, पण लादीपावाची अपेक्षा सोडा, टिनमधला ब्रेड म्हणून करा. तांदळाचं पीठ १५० ग्रॅम, ज्वारीचं १००, साबुदाण्याचं किंवा टॅपिओकाचं १००. इसबगोल १८ ग्रॅम, कोमट पाणी ३६० मिलिलिटर, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम, साखर १५, मीठ ६, तेल २५ मिलिलिटर. वजनकाटा हवाच, वाटीने हे जमत नाही.

इसबगोल आधी पाण्यात फेटून पाच मिनिटांत जेल करा, मग बाकीचं मिसळा. कोरड्या पिठात इसबगोल टाकला तर गुठळ्या होतात. मिश्रण कणकेसारखं नसतं, ओल्या लगद्यासारखं असतं. टिनमध्ये भरून ओल्या हाताने सारखं करा. फुगवायचं एकदाच, ४५ ते ६० मिनिटं, दीडपट झालं की लगेच ओव्हनमध्ये. १९० अंश, ४५-५० मिनिटं.

बाजू आत बसल्या: जास्त फुगलं किंवा पाणी जास्त. आतून चिकट: गरम कापलं. हा ब्रेड गार होतानाच आतून घट्ट बसतो, दोन तास थांबावंच लागतं. दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, म्हणून कापून फ्रीजरमध्ये ठेवा आणि भाजून घ्या. दूध, लोणी कुठेच नाही. पावभाजीला तेलावर भाजा.

कोंड्याचा मांडा

दिवाळी तोंडावर आहे. फराळाचं बोला कुणीतरी.

माजघर

चकली, शेव, पोह्यांचा चिवडा, अनारसे हे मुळात बिनगव्हाचं. चकलीला मोहन लोण्याऐवजी कडकडीत तेलाचं, चार वाट्या भाजणीला अर्धी वाटी. मोहन वाढलं तर चकली तेलात विरघळते. अनारसे तुपाऐवजी तेलात. तळणीचा क्रम महत्त्वाचा: नव्या तेलात आधी हे सगळं, मैद्याची शंकरपाळी आणि करंज्या करायच्याच असतील तर शेवटी, आणि ते तेल परत भाजीला नाही.

बेसन लाडू खोबरेल तेलात होतात. दोन वाट्या जाडसर बेसनाला अर्धी वाटी तेल, लागलं तर दोन चमचे वर, कारण तुपापेक्षा ते पातळ होतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणून पुण्याच्या थंडीत लाडू छान वळतात आणि मुंबईच्या दमट दिवाळीत बसून चपटे होतात. तिथे वळण्याआधी मिश्रण फ्रीजमध्ये अर्धा तास. शेंगतेलात करायला जाऊ नका, ते गोठतच नाही.

करंज्यांबद्दल स्पष्ट मत: तांदळाच्या पारीच्या तळू नका, तेलात फुटतात आणि सारण जळतं. उकडीच्या करा, वाफवलेल्या.

तिखटमीठ

हॉटेलात गेलं तर?

मेल्बर्नवासी

इडली-चटणी, सांबार नाही (हिंग). साधा डोसा ज्या तव्यावर होतो त्यावरच रवा डोसाही होतो, म्हणून विचारून. साबुदाणा खिचडी त्यातल्या त्यात विश्वासाची, तूप की तेल ते विचारा. मिसळ पावाशिवाय मागितली तरी फरसाणात मैद्याच्या पापड्या असतात. बटाटावडा बेसनाचाच असतो, पण त्याच कढईत समोसे तळतात. ग्रेव्हीच्या भाज्यांत लोणी-क्रीम धरूनच चाला. लग्नाच्या पंगतीत वाढपी एकाच हाताने पोळी आणि भात वाढतात, तेव्हा आचाऱ्याकडून भात-वरण आधी काढून घेतलेलं बरं.

सोलकढी

पुढच्या महिन्यात सत्यनारायण आहे. प्रसादाचा सांजा रवा, दूध, तूप, तिन्ही अडचणीचे. सव्वाचं माप मोडायचं नाही. काय करतात?

माजघर

सव्वा वाटी तांदळाचा रवा घ्या, घरी काढलेला. सव्वा वाटी साखर, पाऊण वाटी खोबरेल, एक पिकलं केळं, वेलदोडा, बेदाणे. रवा मंद आचेवर तेलात गुलाबीसर होईपर्यंत भाजा, गव्हाच्या रव्याइतका रंग येत नाही, वासावर ओळखायचं. अडीच वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी नारळाचं दूध एकत्र करून घाला, झाकण ठेवून बारा-पंधरा मिनिटं वाफ. दाणा बोटाने दाबून मऊ झाल्याची खात्री झाल्याशिवाय साखर घालू नका, साखर पडली की तांदूळ पुढे शिजत नाही. मग केळं, आणखी दोन वाफा.

तांदूळ गार झाला की कोरडा होतो, त्यामुळे पूजा लांबणार असेल तर पाव वाटी नारळाचं दूध बाजूला ठेवा आणि वाटायच्या आधी ते घालून एक वाफ काढा. पंचामृतात दूध-दही आहेच. ते ज्याच्या-त्याच्या पळीने द्या, प्रसादाच्या पातेल्यातला डाव त्यात बुडवू नका.